नऊ एकांचा जानेवारी

बुधवार, १ जानेवारी २०२५
काचीगुडा, हैदराबाद

नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर साल लिहिलं आणि हात तिथेच थांबला. २०२५. म्हणजे पंचेचाळिसाचा वर्ग. याआधी वर्गाचं साल १९३६ होतं, चव्वेचाळिसाचा वर्ग. पण यंदाच्या सालात त्याहून जास्त काही आहे. २०२५ मधोमध तोडा: २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून त्यांच्या बेरजेतून मूळ संख्या परत मिळते, तिला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं ते नाव.

नातीला हाक मारून दाखवलं. ती नववीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घरात बोलणं मराठी. तिने लगेच विचारलं, "आबा, असं साल याआधी कधी आलं होतं?" मी म्हटलं, शोध. ती दहापासून चव्वेचाळीसपर्यंतचे सगळे वर्ग लिहीत बसली. एकही जुळला नाही. शेवटी नवापाशी आली: ८१, आठ अधिक एक नऊ. म्हणजे इसवी सन ८१ नंतर थेट २०२५. आणि पुढचं ३०२५, कारण ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० अधिक २५ पंचावन्न.

जवळजवळ दोन हजार वर्षांनी आलेलं साल आपल्या दारात उभं आहे. यंदाची रोजनिशी संख्यांचीच ठेवायची, असं ठरवून टाकलं.

शुक्रवार, ३ जानेवारी

सकाळी तिने विचारलं, "आबा, तुम्ही नोकरीत रोज काय करायचात?" मी म्हटलं, वाघिणींचे नंबर घ्यायचो.

रेल्वेत आम्हाला ट्रेन्स क्लार्क म्हणत. नोकरीची अखेरची वर्षं सनथनगरच्या मालगाड्यांच्या यार्डात गेली. रेक आला की हातात टॉर्च आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद घेऊन इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालायचं आणि प्रत्येक वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, नंबर उतरवून घ्यायचा. अकरा अंकी नंबर. पहिले दोन अंक वाघिणीच्या जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार अंक तिचे स्वतःचे. अकरावा अंक पहारेकरी.

तिला कागदावर एक नंबर रचून दाखवला: ३००९१२४५८७. हे दहा अंक झाले, अकरावा काढायचा आहे. सम जागांवरचे अंक घ्या: ०, ९, २, ५, ७. बेरीज २३, तिची तिप्पट ६९. विषम जागांवरचे ३, ०, १, ४, ८, बेरीज १६. एकूण ८५. पुढच्या पूर्ण दहाईला, म्हणजे नव्वदला पोहोचायला ५ कमी पडतात. म्हणून अकरावा अंक ५.

"पण तिप्पट कशाला? नुसती बेरीज का नाही?" तिने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. नुसती बेरीज घेतली तर एखादा अंक चुकल्याचं कळेल, पण शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले तर बेरीज तीच राहील. पावसात, अर्ध्या झोपेत, गंजलेल्या पत्र्यावरचं वाचताना हीच चूक जास्त होते. तिप्पट घेतली की एक अंक चुकला तर बेरीज त्या चुकीएवढी किंवा तिच्या तिपटीएवढी सरकते. १ ते ९ यांची तिप्पट काढून बघा: ३, ६, ९, १२, १५, १८, २१, २४, २७. एकही शून्यावर संपत नाही, म्हणून एका अंकाची चूक कधीच लपत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज त्यांच्या फरकाच्या दुपटीने सरकते, तीही पकडली जाते. फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, जसे ६ आणि १, तर दुप्पट दहा होते आणि चूक निसटते.

इतकी वर्षं हे नंबर माझ्या हाताखालून गेले. माझ्या लेखी ते वाघिणींचे नंबर होते. त्यांच्याकडे संख्या म्हणून बघायला फुरसत मिळाली ती निवृत्तीनंतर.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी दोघं अबिड्सला गेलो. दर रविवारी तिथे फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून चौकटीची वही घेतली. दुपारी तिला गणित घातलं: नऊ एक ओळीने लिही आणि त्या संख्येला तिनेच गुण. १११११११११ गुणिले १११११११११. कॅल्क्युलेटर नको, शाळेत शिकवतात तसा मांडून गुणाकार.

तिने नऊ एकांची ओळ लिहिली. तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून पुन्हा नऊ एकांची. अशा नऊ ओळी. पानावर एकांची एक तिरपी पट्टी तयार झाली. मग उजवीकडून उभी बेरीज सुरू केली. पहिल्या रांगेत एकच एक. दुसऱ्या रांगेत दोन. तिसऱ्या रांगेत तीन. चौथ्या रांगेला आल्यावर ती हसली, पेन्सिल भरभर चालायला लागली. नवव्या रांगेत नऊ, आणि तिथून पुढे रांगा आखूड होत गेल्या. आठ, सात, सहा, थेट एकापर्यंत. उत्तर:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक, उजवीकडून वाचा की डावीकडून, तेच. एकदाही हातचा घ्यावा लागला नाही, म्हणून प्रत्येक रांगेतले एक मोजून जसेच्या तसे खाली उतरले.

या घराण्यातल्या संख्यांना कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनचं नाव, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं, आजचं डोंबिवली. त्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी संख्येला स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

"आबा, ही संख्या वाचायची कशी?" कोटीपर्यंत तिला येतं, त्यापुढे शाळेत बिलियन आणि ट्रिलियन. मी कपाटातून लीलावतीची मराठी भाषांतराची प्रत काढली. भास्कराचार्यांनी ११५० साली ग्रंथाच्या सुरुवातीलाच स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं.

आमच्या संख्येला सतरा लागतात. म्हणजे ती परार्धाच्या उंबऱ्यावर, मध्य स्थानाशी थांबते. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज. मग नऊ अर्बुद, शिखर. आणि तिथून उतरण: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, "बाबा, परवचा ऐकल्यासारखं वाटतंय." खरंच तसं वाटत होतं.

लीलावतीवरून तिला २०१० ची गोष्ट सांगितली. ही तेव्हा जन्मलीही नव्हती. त्या वर्षी १९ ते २७ ऑगस्टला जगभरच्या गणितज्ञांची परिषद आपल्या हैदराबादेत, माधापूरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरली होती. भारतात ती पहिल्यांदाच आली होती. उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. त्या जळगाव जिल्ह्यातल्या. चाळीसगावजवळचं पाटणही त्याच जिल्ह्यातलं, जिथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. आणि याच परिषदेत गणित सामान्य माणसांपर्यंत नेणाऱ्यासाठी नवा पुरस्कार सुरू झाला. त्याचं नाव लीलावती. पहिला मान सायमन सिंग यांना मिळाला. त्या दिवसांत विश्वनाथन आनंद एकाच वेळी चाळीस जणांशी बुद्धिबळ खेळले होते. एकोणचाळीस डाव त्यांनी जिंकले आणि एक चौदा वर्षांच्या मुलाने बरोबरीत सोडवला.

"चौदा?" ती म्हणाली. तिचंही तेच वय.

शनिवार, ११ जानेवारी

आज आमच्या सतरा अंकांची बेरीज केली. एक ते नऊ पंचेचाळीस, आठ ते एक छत्तीस. एकूण ८१.

मी विचारलं, हे एक्याऐंशी न मोजता सांगता आले असते का? ती वहीचं ते पान उघडून बघत बसली. मग म्हणाली, "नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक. पानावर एकूण एक्याऐंशी एक आहेत. हातचा गेलाच नाही, म्हणून सगळे खाली आले." मला याहून चांगली सिद्धता देता आली नसती.

मग दहा एकांचा गुणाकार करायला सांगितला. तिची अपेक्षा, मधोमध दहा येणार. पण दहा एका घरात बसत नाही. शून्य खाली, एक हातचा. शेजारचे नऊ त्या एकाने पुन्हा दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा एक हातचा. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला. ती हिरमुसली.

मी म्हटलं, अंकांची बेरीज कर. ८२ आली. पानावर एक किती होते? शंभर. मग अठरा गेले कुठे? बराच वेळ विचार करून तिने पकडलं: "एका हातच्यात दहा जातात आणि शेजारी एक मिळतो. म्हणजे नऊ कमी. दोन हातचे, अठरा कमी." नवाने भागल्यावरची बाकी अंकांच्या बेरजेतून कळते, ती नेमकी यामुळे. हातच्यात गळतात ते नेहमी नऊच, म्हणून बाकी हलत नाही. लहानपणी नियम पाठ केला होता. त्याचं कारण आज या पानावर डोळ्यांनी दिसलं.

जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणारी. आमच्या संख्येला ८१ ने भागून पाहिलं. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. भागाकार नीट बघितला तर तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. यात आठ नाही, आणि याला नवाने गुणलं की पुन्हा नऊ एक हजर.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज वही बंद. गच्चीवर पतंग, खाली अंगणात मुग्गुलू. शेजारच्या तेलुगू घरातून अरिसेलू आले, आमच्याकडून तिळगूळ गेला. शेजारी निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्टरगारू म्हणतात. नातीने त्यांना तिळगुळाबरोबर सतरा अंकांची संख्याही दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला, बघितलं आणि मला म्हणाले, "साब, हार्डी को ये पसंद नहीं आता." शुक्रवारी येतो म्हणाले.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज कापरेकरांचा जन्मदिवस. १९०५, डहाणू. एकशेवीस वर्षं झाली. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षक. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. हाती आलेलं बरंचसं स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापून लोकांसमोर ठेवलं. देशातल्या अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ मानलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळलं. १९८६ साली ते गेले.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध संख्या ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, पुन्हा तेच करा. सात पावलांच्या आत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. माझ्या त्या वाघिणीचे चार अंक घेतले: ४५८७. ८७५४ वजा ४५७८ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. दोन पावलांत. यंदाच्या सालाला सहा लागतात.

संध्याकाळी मास्टरगारू आले. सांगत होते ते खरं आहे. केंब्रिजच्या हार्डींनी १९४० च्या आपल्या पुस्तकात असली उदाहरणं दिली आहेत: आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. आणि गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत. मास्टरगारूंचा मुद्दा असा, की अंक हे संख्येचे कपडे. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दशमान पद्धतीत लिहितो. बारा बोटं असती तर ६१७४ ची जादू या रूपात राहिली नसती. संख्येचं खरं कूळ म्हणजे तिचे मूळ अवयव. ते कुठल्याही कपड्यात तेच.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री उशिरा एक गोष्ट ध्यानात आली. हार्डींनी क्षुल्लक म्हणून दाखवलेली ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे. आणि ९८ अधिक ०१ नव्व्याण्णव.

मुंबईला जाणारी देवगिरी एक्सप्रेस आता वाटेत असेल. नांदेड, परभणी, मनमाड या मार्गाने ती देवळालीवरून आणि मग डोंबिवलीवरून जाते. कापरेकरांची दोन्ही गावं एकाच रुळावर आहेत.

रविवार, १९ जानेवारी

उत्तर सापडलं. ४५ ही कापरेकर संख्या का आहे, हे खोदत गेलो.

वर्गाचे दोन तुकडे, डावा आणि उजवा. डावा तुकडा शेकड्यांत आहे, म्हणून वर्ग म्हणजे डाव्याची शंभरपट अधिक उजवा. मूळ संख्या म्हणजे डावा अधिक उजवा. एकातून दुसरं वजा करा: उरते डाव्याची नव्व्याण्णवपट. म्हणजे संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांचा गुणाकार ९९ ने भागला गेला पाहिजे. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. पंचेचाळिसात नऊ आहेत, चव्वेचाळिसात अकरा. पंचावन्नात अकरा आहेत, चोपन्नात नऊ. नव्व्याण्णवात दोन्ही. दोन अंकी कापरेकर संख्या या तीनच, आणि त्या ९९ च्या अवयवांनी ठरवल्या आहेत.

म्हणजे हे नुसते कपडे नाहीत. कपड्याची वीण कुळानेच ठरते. मास्टरगारूंच्या दारात जाऊन कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "बडी संख्या पे करके दिखाइए."

बुधवार, २२ जानेवारी

मोठी संख्या घरातच आहे. नऊ एकांचे अवयव पाडले. नवाने भागलं की १२३४५६७९, त्याला ३७ ने भागलं की ३३३६६७. आता ही मूळ संख्या आहे का? तपासायची साधी रीत अशी, की ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, कारण पुढच्या ५८७ चा वर्ग ३३३६६७ च्या वर जातो. अशा मूळ संख्या १०६. एकशेसहा भागाकार.

पण ही संख्या नऊ एकांच्या पोटातून आली आहे, आणि तिथेच वाट होती. एकाला ७ ने भागलं तर १४२८५७ हा सहा अंकांचा गट पुन्हापुन्हा येतो. सहा म्हणजे सातातून एक वजा. १३ ने भागलं तरी गट सहाचाच, आणि सहा बाराला भागतात. फ्रान्सच्या फर्मांनी १६४० साली एका पत्रात कळवलेला नियम हाच: आवर्ती गटाची लांबी, मूळ संख्येतून एक वजा केलं की जे उरतं त्याला नेमकी भागते. आता ३३३६६७ ला जो कोणी भागेल तो नऊ नवांच्या संख्येलाही भागेल, म्हणून त्याचा आवर्ती गट एक, तीन किंवा नऊ अंकांचा. एका अंकाचा गट फक्त तिनाचा, तीन अंकांचा फक्त ३७ चा. अंकांची बेरीज २८, म्हणून तीन बाद. ३७ ने भागलं तर बाकी १, तोही बाद. उरला नऊचा गट. म्हणजे त्या मूळ संख्येतून एक वजा करून येणारं उत्तर नवाच्या पटीत हवं, आणि ते सम असणारच, म्हणून अठराच्या पटीत. बाद झालेला ३७ सोडला तर अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत सोळाच: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

एकशेसहाचे सोळा झाले. आठ तिने केले, आठ मी. ५२३ पाशी श्वास अडकला. ५२३ गुणिले ६३८ म्हणजे ३३३६७४, फक्त सातांनी जास्त. सोळाही भागाकारांत बाकी उरली. ३३३६६७ मूळ संख्या आहे.

अंकांच्या रूपाने, नुसत्या एकांच्या त्या ओळीने, कुळाचा पत्ता सांगितला.

मग तिने आमच्या सतरा अंकी संख्येचे विभाजक मोजले. ती नऊ एकांचा वर्ग, म्हणून तीन चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. पाच गुणिले तीन गुणिले तीन. पंचेचाळीस. तिने सालाकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, हा योगायोग आहे. एक्याऐंशीला कारण होतं, याला नाही. दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. पण योगायोगाचा आनंद घ्यायला हरकत नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

मास्टरगारूंना हवी होती ती मोठी संख्या आज मिळाली.

दोन अंकांऐवजी नऊ अंकांची कापरेकर संख्या हवी. म्हणजे ९९ च्या जागी ९९९९९९९९९. त्याचे एकमेकांशी काही नातं नसलेले दोन भाग: ३३३६६७ आणि २९९७. शोधायची संख्या ३३३६६७ च्या पटीत हवी, आणि तिच्या आधीची २९९७ च्या पटीत. ३३३६६७ ला २९९७ ने भागलं तर बाकी १०००. आता हजाराच्या कितव्या पटीत बाकी १ येईल? तीन पटींत ३०००, बाकी ३. म्हणजे पट तिनाने वाढवली की बाकीही तिनाने वाढते. पहिल्या पटीची बाकी हजार, तिथून २९९८ पर्यंत जायचं, कारण २९९८ म्हणजेच बाकी १. अंतर १९९८, तीन-तीनाची ६६६ पावलं. पट झाली १९९९.

३३३६६७ गुणिले १९९९ म्हणजे ६६७०००३३३.

नातीने वर्ग केला. मी श्वास रोखून बघत होतो. ४४४८८९४४४२२२११०८८९. अठरा अंक. मधोमध रेघ मारली: ४४४८८९४४४ आणि २२२११०८८९. बेरीज: ६६७०००३३३.

ती धावत शेजारी गेली. मास्टरगारूंनी आपल्या हाताने पुन्हा बेरीज केली. मग कागदावर खाली त्यांनी तेलुगूत काही लिहिलं. तिने वाचून दाखवलं: "बागुंदी." छान आहे.

देवळालीच्या वाटेने निघालो तर फर्मांच्या दारात पोहोचलो आणि फर्मांच्या दारातून परत देवळालीला. आत-बाहेर जायला एकच दार आहे, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. तिला चौदाव्या वर्षी कळलं, याचा आनंद मोठा आहे.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाहून आल्यावर ती म्हणाली, "आबा, खरी वाघीण दाखवा." लोकलने बेगमपेटला गेलो. अर्ध्या तासाने एक मालगाडी सिग्नलला थांबली. तिने फलाटावरूनच एक नंबर वहीत उतरवला, अकरावा अंक तळहाताने झाकला, सम जागांची तिप्पट घेतली, विषम जागा मिळवल्या, उत्तर काढलं आणि मग हात उचलला. जुळलं. दुसरी वाघीण, जुळलं. तिसरीचा रंग उडाला होता. तिथे तिचं उत्तर जुळलं नाही. पुन्हा निरखून पाहिलं तेव्हा कळलं की ३ म्हणून वाचलेला अंक ८ होता.

गाडी गेली तरी ती वहीत काहीतरी लिहीत होती. परतीच्या लोकलमध्ये मला पान दाखवलं. अकरा एकांची वाघीण असेल का, हे तिने तपासलं होतं. पहिल्या दहा अंकांत सम जागी पाच एक, तिप्पट पंधरा. विषम जागी पाच एक, पाच. एकूण वीस. वीस आधीच पूर्ण दहाई, म्हणून अकरावा अंक शून्य पाहिजे, एक चालणार नाही. त्याखाली तिने दोन लिहून पाहिले होते, चाळीस. तीन, साठ. आणि मग तिच्या अक्षरात एक ओळ: शून्य सोडून अंक कुठलाही घ्या, बेरीज त्याची वीसपट, शेवटी नेहमी शून्य, म्हणून सगळे अंक सारखे असलेली वाघीण कुठल्याच रुळावर असू शकत नाही.

मी इतकी वर्षं यार्डात चाललो आणि सगळे अंक सारखे असलेली वाघीण कधी पाहिली नाही. का पाहिली नाही, हे आज काचीगुडा येईपर्यंत तिने मला समजावून सांगितलं.